साडूंचे सतरा अर्ज

आमच्या थोरल्या साडूंइतका खरा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि खरं बोलून इतक्या थोड्या दिवसांत इतक्या नोकऱ्या घालवलेला माणूस तर सबंध वऱ्हाडात झाला नसेल. सतरा अर्ज, चार नोकऱ्या, आणि चारही मिळून एक महिनासुद्धा भरला नाही. अर्ज माझ्या हातचे होते, म्हणून आकडा पाठ आहे. पुढे पुढे त्यांचं नाव निघालं की गावातले लोक कपाळाजवळ बोट फिरवत आणि दुसरा विषय काढत. ते बोट फिरवणं माझ्यापासून सुरू झालं. आज ब्याऐंशीव्या वर्षी एवढंच सांगायला मी हे लिहायला बसलो आहे. पण आधी माणूस सांगितला पाहिजे. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, दोघी एकाच गावात दिलेल्या. साडू पलटणीत हवालदार होते. पंधरा-सोळा वर्षं नोकरी करून, एकाहत्तरची लढाई आटोपल्यावर पुढच्या उन्हाळ्यात ते पेन्शन घेऊन घरी आले. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यातच मोडायचो. रिसोडच्या बाजूच्या आमच्या गावाला दिवसातून दोन एसट्या होत्या. त्यातली एक यायची आणि दुसरी येणार आहे असं सांगायचे. साडू आले त्या दिवशी दोन्ही आल्या, आणि बरेच दिवस लोक त्याचं श्रेय मिलिटरीला देत होते. माणूस उंच, ताठ, मिशा वळलेल्या. बुटांना इतकं पॉलिश की त्यांच्यात बघून कोणी दाढी करावी. उजव्या कानाजवळ वर्षानुवर्षं तोफा वाजल्यामुळे त्या कानाचं काम संपलेलं होतं, म्हणून ते स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलत. त्यांना ऐकू आलं म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू येई.

पलटणीत रोज संध्याकाळी हजेरी होते. हवालदार साहेबासमोर ताठ उभा राहतो, किती हजर, किती गैरहजर, दिवसभरात काय बिघडलं ते सांगतो, आणि शेवटी ‘बाकी सब ठीक, साब’ म्हणून सलाम करतो. सोळा वर्षं ज्या माणसाचा दिवस असा मावळला, त्याची पलटण सुटली तरी संध्याकाळ थोडीच सुटते. साहेब नव्हता, म्हणून पहिले आठ दिवस त्यांनी बायकोलाच रिपोर्ट दिला. ती चुलीपुढे भाकरी थापतेय आणि हे दारात उभे: “घरात इसम चार. चार हजर. मांजर एक, दूध पिऊन फरार. बाकी सब ठीक.” ताई (मी माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला ताईच म्हणतो) पदराआड हसायची आणि म्हणायची, “बरं हाये. आता पाय धुवा.”

त्या दिवाळीला आम्ही दोघे जावई मेडशीला सासुरवाडीला गेलो. संध्याकाळी सासरे ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. साडू टाच वाजवून समोर उभे राहिले. “राम राम. घरात एकूण इसम अकरा. हजर दहा. गैरहजर एक, धाकटे जावई. देवळात जातो म्हणून सांगून गेले, पारावर पत्ते खेळून राह्यले. सासूबाईनं करंज्याचा डबा माळ्यावर लपवला हाये, धाकट्या सुनेपासून. बाकी सब ठीक.” सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं, आता थोरल्या जावयाचा निकाल लागतो. तर ते म्हणाले, “चाळीस वर्सं झाले मी या घराचा मालक हाओ. आज पहिल्यांदा मले कोणी सांगतलं का घरात काय चालू हाये.” तेव्हापासून त्या घरात थोरल्या जावयाला मान, आणि मला पत्त्यांसाठी दुसऱ्या गावाला जावं लागे. त्या ओसरीवरच माझ्या मनात त्यांची भीती बसली. तेव्हा मी ती हसण्यावारी नेली.

साडूंना नोकरी हवी होती ती नुसत्या पैशासाठी नव्हे. लग्न झाल्यापासून ताईनं नवरा पाहिला होता तो सुट्टीत. वर्षाकाठी दोन महिने, त्यातले आठ दिवस प्रवासात जायचे. एकदा तर सुट्टी संपून ते निघाले तेव्हा धाकट्या मुलीनं विचारलं, “आई, हे पाव्हणे पुन्हा कवा येतीन?” शेत कोरडवाहू, तेही भाऊ वाहायचा. पेन्शनवर घर निम्मं चाले. तेव्हा गावात किंवा सायकलच्या टप्प्यात काही मिळालं तर संसार; नाहीतर मुंबई-पुण्याला कुठल्यातरी फाटकावर रखवालदार, आणि पुन्हा तोच सुट्टीचा संसार. ताईनं मला एकदाच सांगितलं होतं, “भाऊजी, तुमी हायस्कुलात बाबू हा. चार लोकायत तुमचा शब्द चालते. त्यायले इथंच कुठंतरी चिकटवा. मी सोळा वर्सं वाट पायली.” मी म्हणालो, “ताई, हे माझ्यावर सोडा.” तिनं सोडलं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे. ते अर्ज लिहिणं म्हणजे एक दिव्य होतं. मी ‘निरोगी व सुदृढ’ असं लिहिलं की ते खोडायला लावत. “उजवा कान बंद हाये, ते लिहा.” मी म्हणायचो, कान कोण विचारतो? “विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही, असं कुठं असते? दोष तीन हाये माह्यात. कान. भात खाल्ला का झोप येते. आन साहेब चुकला का मले तोंडावर दिसते.” मी हे सगळं त्यांच्यासमोर लिहायचो आणि ते गेल्यावर दुसरा अर्ज लिहून तो पाठवायचो. ते मात्र मुलाखतीला उभे राहिले की साहेबांनी नाव विचारायच्या आत तिन्ही दोष क्रमानं सांगून टाकत. एका साहेबांनी म्हणे घाबरून स्वतःचे दोन सांगितले.

पहिली नोकरी वाशीमला, एका जिनिंगमध्ये, रात्रीचा चौकीदार. सकाळी शेठ गादीवर बसलेले, चार व्यापारी भाव करायला आलेले, आणि साडू दारात ताठ. “राम राम, शेठ. रात्रीचा रिपोर्ट. कुत्रं आलं, दोन वेळा. हाकललं. मुनीमजी दिवे लागल्यावर गेले, संगं सरकीचं पोतं एक. विचारलं तर म्हणाले, शेठच्या म्हशीले. शेठ, तुमच्या घरी म्हैस नाही, मी पाहून आलो. बाकी सब ठीक.” मुनीमजी शेठचे मेहुणे होते. शेठ सज्जन; त्यांनी साडूंना चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “हवालदारसाब, माणूस तुम्ही हिरा आहात. पण हिरा तिजोरीत ठेवतात, दारात नाही.” साडू घरी येऊन मला म्हणाले, “तारीफ केली त्यानं. पण ड्यूटी काहून नाही देली?”

दुसरी नोकरी जत्रेतल्या तंबू-टॉकीजची. दारावर उभं राहायचं, तिकीट फाडायचं. तीन खेळ नीट झाले. चौथ्याला मध्यंतरात दिवे लागले तेव्हा मालक पडद्याजवळ सोडावॉटर पीत उभा होता. साडूंनी तिथंच जाऊन रिपोर्ट दिला, आणि आवाज तर पडद्यातल्या माणसापेक्षा मोठा. “बाप्ये एकशे चाळीस, बाया साठ. केनवडचे सरपंच दुसऱ्या रांगेत, घरी कोर्टाचं काम सांगून आले. सरपंचीनबाई बायांच्या बाजूनं, माहेरी जातो म्हणून आल्या. बाकी सब ठीक.” मध्यंतर पाऊण तास चाललं. उरलेला सिनेमा कोणी पाहिला नाही. सगळे मागं वळून सरपंचांकडे आणि सरपंचीनबाईंकडे बघत होते. मालक मला नंतर सांगत होता की असा खेळ रोज होणार असता तर त्यानं तिकीट वाढवलं असतं, पण सरपंचांनी तंबूची जागा काढून घ्यायची धमकी दिली.

पुढे दुष्काळ पडला. सडकेची कामं निघाली, गिट्टी फोडणाऱ्यांवर मुकादम हवा होता. मला वाटलं, हे त्यांना शोभेल. नऊ दिवस ते खरंच सुखात होते. बायामाणसं त्यांच्यावर खूश, कारण पाण्याचं पिंप वेळेवर भरलेलं असे आणि लेकरांसाठी त्यांनी बाभळीखाली गोणपाटाची सावली केली होती. दहाव्या दिवशी मोठे साहेब जीपमधून उतरले. ठेकेदार हार घेऊन पुढं धावला, पण साडू आधी पोचले. “मजूर कागदावर ऐंशी. कामावर बावन्न. त्यातले दोन झोपलेले, रात्रभर लेकरू आजारी होतं म्हणून मीच झोपा म्हणलं. उरलेले अठ्ठावीस मी नऊ दिवस शोधून राह्यलो, कुठंच दिसले नाही. मले काळजी हाये, साब. बाकी सब ठीक.” त्यांना खरोखर काळजी होती. ते अठ्ठावीस मजूर उन्हात कुठंतरी पडले असतील म्हणून त्यांनी दोन विहिरी डोकावून पाहिल्या होत्या. चौथ्या नोकरीचं सांगत नाही; त्यात माझे व्याही येतात.

आणि मग आमच्या हायस्कुलातला जुना शिपाई निवृत्त झाला. घंटा द्यायची, झाडलोट करायची, टपाल न्यायचं. साडूंच्या घरापासून दोनशे पावलं. हेडमास्तर बाहेरगावचे, नवीन आलेले, शिस्तीचे भोक्ते. मुलाखतीत त्यांना माणूस एकदम आवडला. साडूंनी तीन दोष सांगितले तेव्हा ते म्हणाले, “भात आम्हीही खात नाही.” मी टेबलाशी बसून ऐकत होतो. ताई बाहेर कडुलिंबाखाली उभी होती. नवऱ्याला डबा आणल्याचं निमित्त करून आली होती, डबा मात्र रिकामा होता.

साडू बाहेर गेल्यावर हेडमास्तर मला म्हणाले, “बाबूराव, तुमचे नातेवाईक ना? शिपाई असा पाहिजे. यांना मी सांगणार आहे, रोज शाळा सुटताना झेंड्यापाशी मला रिपोर्ट द्यायचा. कोण हजर, कोण गैरहजर.”

आता माझी त्या वेळची दिनचर्या सांगितली पाहिजे. दुपारच्या सुट्टीनंतर तीन मास्तर आणि मी प्रयोगशाळेत जमायचो. दार आतून लावून, बुन्सेन बर्नरवर चहा करून, परीक्षानळ्यांच्या स्टँडपाशी रमी चालायची. मुलांना स्वाध्याय दिलेला असे. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. हेडमास्तर बोलत होते आणि माझ्या कानात झेंड्यापाशी तो आवाज घुमत होता, तीनशे पोरांसमोर: ‘प्रयोगशाळेत इसम चार. प्रयोग चालू नाही.’

मी म्हणालो, “साहेब, माणूस देवासारखा आहे. पण खरं सांगायचं तर... लढाईत डोक्याजवळ गोळा फुटला. तेव्हापासून मधूनच फिरतं. घरचे आम्ही सांभाळून घेतो. शाळेत लहान पोरं.”

एवढंच. दोन-तीन वाक्यं. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, “बरं झालं सांगितलंत.” बाहेर जाऊन मीच ताईला सांगितलं की जागा दुसऱ्याला द्यायचं वरून ठरलं आहे. ती म्हणाली, “असू द्या. तुमी तरी किती करसान?” आणि रिकामा डबा घेऊन गेली.

मला वाटलं होतं, बोलणं त्या खोलीत राहील. हेडमास्तरांनी ते फक्त त्यांच्या पत्नीला सांगितलं. आठवड्याच्या बाजारापर्यंत गोळा डोक्याजवळ नव्हे, डोक्यात फुटला होता. केनवडला पोचेपर्यंत त्याचा एक तुकडा आत राहिला होता आणि अमावास्येला तो वाजत असे. जऊळक्याच्या स्टेशनवर मला एका अनोळखी माणसानं सांगितलं की तुमच्या गावात एक हवालदार आहे, त्यानं मालगाडीला सलाम केला आणि गार्डानं परत सलाम करेपर्यंत गाडी हलू दिली नाही. मालेगावात तर म्हणे त्यांनी एका म्हशीला कोर्ट मार्शल केलं होतं. मी यातलं काहीच खोडून काढलं नाही. एखादी गोष्ट फारच वर गेली की मी नुसता ‘हं’ म्हणायचो, आणि माणूस साडूंचा नातलग आहे, ‘हं’ म्हणतो आहे, म्हणजे खरंच असणार, असं लोक धरून चालायचे. त्यानंतर बारा अर्ज गेले. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. ज्यांच्याकडून आलं त्यांनी तब्येतीला जपा असं लिहिलं.

अखेर ही बातमी ताईपर्यंत गेली. तीही माझ्याच बायकोच्या तोंडून, आणि बायकोनं ती माझ्याच तोंडून पक्की करून घेतली होती. ताईनं उपाय सुरू केले. साडू सगळीकडे निमूट गेले. त्यांच्या लेखी ती मेडिकल होती, आणि मेडिकलला नाही म्हणायचं नसतं. एका भगतानं त्यांना लिंबाच्या झाडाखाली बसवून वरून लिंबं उतरवली. उतरवणं झाल्यावर साडू उठले, ताठ झाले आणि म्हणाले, “लिंबं सात. किडलेली दोन. तुमच्या पोरानं एक खिशात टाकलं. बाकी सब ठीक.” भगतानं दक्षिणा न घेता त्यांना वाटेला लावलं आणि हे माझ्या हातचं नाही असं जाहीर केलं. त्यामुळे उरलीसुरली शंकाही मिटली.

पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर साडू पुण्याकडे एका कारखान्यात फाटकावर लागले. फौजेतल्या जुन्या सोबत्यानं बोलावून घेतलं होतं. अर्ज लागला नाही. एसटीवर सोडायला मी गेलो. ताई आली नाही. ट्रंक टपावर चढवल्यावर ते माझ्यासमोर आले. मला वाटलं, मिठी मारतील. त्यांनी टाच वाजवली. “साडभाऊ, तुमी माह्यासाठी अर्ज लिहले सतरा. एकाही अर्जावर डाग नाही, खाडाखोड नाही. लागलं नाही ते माह्यं नशीब. तुमची ड्यूटी पक्की झाली.” आणि मला सलाम केला, कडक, स्टँडवरच्या सगळ्या लोकांदेखत. लोक एकमेकांकडे बघून हसले आणि कोणीतरी कपाळाजवळ बोट फिरवलं. मी काय करावं ते न सुचून नमस्कार केला. कंडक्टरनं बेल मारली.

तिथं ते बावीस वर्षं राहिले. कारखान्याचे मालक वर्षातून दहा महिने परदेशी असत आणि आपल्यामागं काय चालतं ते कोणी खरं सांगत नाही म्हणून त्यांना झोप नसे. साडू त्यांना देवानं पाठवल्यासारखे मिळाले. रोज संध्याकाळी मालकांच्या ऑफिसात फोनवर रिपोर्ट. साडूंना फोनची काय गरज, असं कामगार म्हणत. पगार वाढत गेला, मुलींची लग्नं झाली. ताई गावातच राहिली, कारण कारखान्यात एकट्या माणसाची खोली होती. वर्षाला एक महिना सुट्टी. मी दर सुट्टीत ठरवायचो, या खेपेला सांगू. सुट्टी संपायची. मग ते कायमचे घरी आले, तेव्हा तर घाई काय, असं वाटलं. नऊ वर्षांपूर्वी ते गेले.

गेल्या पौषात मी ताईकडे गेलो. ती अंगणात तुरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं: प्रयोगशाळा, पत्ते, हेडमास्तर, ती दोन-तीन वाक्यं. तिच्या हातातलं सूप थांबलं नाही. पाखडता पाखडताच म्हणाली, “म्हंजे त्यायच्या डोक्याले कायच झालं नव्हतं.”

“काही नव्हतं, ताई.”

“मले वाटेच. पण सारे म्हणत.” ती सूप बाजूला ठेवून बसली. “त्या टायमाले एका वैद्यानं सांगतलं होतं, डोक्यात गरमी हाये, तिखट बंद करा. मी बंद केलं. सुट्टीत आले का मी त्यायच्या पानात फिकं वाढो. तिकडं खानावळीतबी सांगून ठेवलं होतं त्यायनं. ठेच्याबिगर ज्या माणसाले भाकर गोड लागे ना, त्यायनं मरेलोक फिकं खाल्लं. काहून, कायले, कदी इचारलं नाही. मी सांगतलं होतं म्हणून.”

मी म्हणालो, “मी आता सगळ्यांना सांगतो, ताई. पारावर बसून सांगतो.”

“कोणाले सांगता, भाऊजी? ज्यायनं आयकलं होतं ते सारे गेले. आता पारावर पोरं बसतेत, त्यायले हवालदार कोण तेच ठाव नाही.” मग म्हणाली, “लिहून ठेवा. तुमचं अक्षर चांगलं हाये.” त्यात टोमणा होता की नव्हता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग ती आत गेली आणि पोस्टकार्डांचा जुडगा घेऊन आली. तिला वाचता येत नाही. मुली वाचून दाखवत, मुली नांदायला गेल्यावर पोस्टमन. त्यातलं एक तिनं न शोधता काढलं, कोपऱ्यावर हळदीच्या बोटाची खूण होती. “हे वाचा,” म्हणाली. साडूंचं ते रांगेत उभं केल्यासारखं अक्षर. मुलींची चौकशी, पाऊस किती, मनीऑर्डर पोचली का. आणि खाली, वेगळ्या ओळीत: ‘तिखट बंद आहे. या महिन्यात एक वेळ चूक झाली. सोबत्याच्या लग्नात हिरवी मिरची खाल्ली, अर्धी. पुन्हा होणार नाही.’

मी कार्ड परत दिलं. ताईनं ते जुडग्यात होतं तिथंच घातलं, दोरा बांधला, आणि गाठ पुन्हा एकदा ओढून पक्की केली.

“अर्धीच खाल्ली, भाऊजी,” ती म्हणाली. “पुरी खाल्ली असती तरी मले कोण सांगणार होतं?”